मर्तिकाच्या दुकानदाराचे यंत्र

(रात्रीच्या वर्गात दिलेले भाषण)

मंडळी, पुढे सरकून बसा. मागच्या आयाबायांना जागा होऊ द्या. पाट्या आज बाजूला ठेवल्या तरी चालतील.

आज आम्ही धडा घेणार नाही. एक गोष्ट सांगणार आहो. गोष्ट खऱ्या माणसाची आहे. ती आपल्या मुलखातली नाही, फार लांबची, अमेरिकेतली आहे. पण ती सांगण्याचे कारण मात्र आपल्या गावातलेच आहे. ते आधी सांगतो.

आपल्या वर्गात एक लोहारदादा येतात. गेले तीन आठवडे ते आले नाहीत. आम्ही चौकशीला त्यांच्या घरी गेलो. पाहतो तर भाता गार. ऐरणीवर कोंबडी बसलेली. दादा भिंतीला टेकून बसलेले. आम्ही विचारले, "काय झालं?" तर ते बोलेनात. मग हळूहळू सगळे बाहेर पडले. तालुक्याच्या बाजारात एक दुकानदार आहे. तो कारखान्याची खुरपी विकतो. त्याने एक मोडके खुरपे दुकानापुढे टांगून ठेवले आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हे बघा तुमच्या गावच्या लोहाराचं काम." ते खुरपे दादांचे नव्हतेच. आपल्या हातचा माल माणूस ओळखणार नाही काय? दादा भांडले. चार माणसे जमली. पण दुकान त्याचे, गल्ला त्याचा. लोकांनी दुकानदाराचे ऐकले. दादा घरी आले आणि त्यांनी भाता बंद केला.

आम्हांला म्हणाले, "गुरुजी, अन्याय झाला का नाही, एवढंच सांगा."

आम्ही म्हणालो, "झाला."

"मग झालं तर," असे म्हणून ते गप्प बसले.

त्या 'मग झालं तर' ने आम्हांला रात्री नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि त्यांना ही गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हांला सांगतो.

अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस होऊन गेला. १८३९ साली त्याचा जन्म झाला. तरुणपणी तिकडे उत्तरेची आणि दक्षिणेची मोठी यादवी झाली, त्यात तो घोडदळात होता. पुढे काही दिवस त्याने शाळाही शिकवली. म्हणजे आमच्याच जातकुळीचा म्हणायचा! शेवटी तो कॅन्सस सिटी नावाच्या शहरात आला आणि त्याने मर्तिकाचे दुकान काढले.

आता तुम्ही म्हणाल, मर्तिकाचे दुकान म्हणजे काय? आपल्याकडे गावात माणूस गेला की शेजारीपाजारी धावून येतात. कोणी बांबू आणतो, कोणी मडके आणतो. तिरडी बांधायला कोणाला बोलवावे लागत नाही. तिकडे मोठ्या शहरांत तसे नाही. तिकडे तो एक धंदाच आहे. शवपेटी करायची, प्रेताला स्नान घालून कपडे करायचे, गाडी आणायची, पुरण्याची सगळी व्यवस्था लावायची. हे सगळे दुकानदार करतो आणि त्याचे पैसे घेतो. ऐकायला विचित्र वाटते, पण काम इमानाचे आहे. कोणीतरी ते केलेच पाहिजे.

या धंद्यात एक गोष्ट महत्त्वाची. घरात माणूस गेला म्हणजे घरचे लोक चार दुकाने फिरून भाव विचारत नाहीत. पहिला जो सापडेल त्याला बोलावतात. त्या वेळी तिकडे टेलिफोन नुकता आला होता. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे आपण काढलेली युक्ती दुसऱ्याने ठरावीक वर्षे वापरू नये असा सरकारी कागद. पुढे दोनच वर्षांत गावागावांत टेलिफोनची कचेरी, म्हणजे एक्स्चेंज, सुरू होऊ लागली. तेव्हा ज्याच्या दुकानात टेलिफोन, त्याला आधी बोलावणे येणार. स्ट्रोजरनेही टेलिफोन घेतला.

पण त्याचा टेलिफोन वाजेना.

इथे तो टेलिफोन कसा चाले ते समजून घ्या, म्हणजे गोम कळेल. तुमच्या खिशातल्या मोबाइलवर तुम्ही आकडे दाबता आणि थेट माणूस बोलतो. तेव्हा तसे नव्हते. प्रत्येक घरची तार एक्स्चेंजात एका मोठ्या फळीपर्यंत जाई. फळीला भोकेच भोके. एका घराचे एक भोक. फळीपुढे एक बाई बसे. तिला ऑपरेटर म्हणत. तुम्ही टेलिफोन उचलला की तिला खूण कळे. ती विचारी, "कोण पाहिजे?" तुम्ही सांगाल त्याच्या भोकात ती दोरीची खुंटी खुपसून देई, मग तुमचे बोलणे सुरू होई. म्हणजे बोलणारे दोघे, पण मधला दरवाजा तिसऱ्याच्या हातात.

आता कोणी रडत रडत सांगितले, "बाई, मर्तिकाच्या दुकानदाराला द्या हो," तर कोणत्या दुकानदाराला द्यायचे हे त्या बाईच्या हातात होते. आणि असे सांगतात की स्ट्रोजरच्या गावची ती बाई दुसऱ्या एका मर्तिकाच्या दुकानदाराची बायको होती! मग काय विचारता. प्रेताचे बोलावणे आले की ती खुंटी आपल्या नवऱ्याच्या भोकात. कोणी स्ट्रोजरचे नाव घेऊन मागितलेच तर, "त्यांची तार गुंतलेली आहे." स्ट्रोजर तिथे दुकानात टेलिफोनकडे बघत हात चोळत बसलेला. एकदा तर म्हणे त्याने वर्तमानपत्रात वाचले की आपला जिवाचा दोस्त वारला आणि त्याची माती दुसऱ्या दुकानदाराने केली. तेव्हा त्याचे डोके भडकले.

त्याने तक्रारी केल्या. कंपनीच्या माणसांशी भांडण केले. काही झाले नाही. तिथपर्यंत स्ट्रोजर आणि आपले लोहारदादा सारखेच.

पण मग त्याने वेगळा विचार केला. आज ही बाई आहे. ही काढली तर उद्या दुसरी येईल. तीही कोणाची तरी बायको असेल, बहीण असेल. एक माणूस बदलून काय होणार? मुळात बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये माणूस हवाच कशाला? ज्याला बोलायचे त्याने आपल्या घरी बसून आपणच आकडा लावावा, आणि एक्स्चेंजमध्ये यंत्राने ती खुंटी बरोबर त्याच भोकात घालावी. यंत्राला नवरा नसतो.

हे बोलायला सोपे आहे. यंत्राला कसे कळावे की कोणते भोक? स्ट्रोजर काही इंजिनियर नव्हता. विजेचे त्याला फारसे कळत नव्हते. तिकडे शर्टाच्या कॉलरी वेगळ्या काढून ठेवायच्या गोल डब्या असत. तसली एक डबी घेऊन तिच्यात टाचण्या टोचून त्याने आपल्या यंत्राचा पहिला नमुना केला, असे सांगतात. डबीत दहा ओळी, ओळीत दहा टाचण्या. एकूण शंभर.

आता आम्ही ते यंत्र तुम्हांला चाळीच्या हिशोबाने समजावून देतो. पुढे त्याचे जे पक्के रूप झाले ते सांगतो. मुंबईची चाळ पुष्कळांनी पाहिली आहे. समजा दहा मजल्यांची एक चाळ आहे. दर मजल्यावर दहा खोल्या. टपालवाल्याला सांगितले, ४७ नंबर. तो काय करील? चार मजले चढेल. मग त्या मजल्यावर सात खोल्या चालत जाईल. सातव्या खोलीचे दार वाजवील. झाले! स्ट्रोजरच्या यंत्रात टपालवाल्याच्या जागी एक लोखंडी दांडी असते आणि तिला एक पात्यासारखा हात असतो. दांडीभोवती अर्ध्या गोलात पितळेच्या शंभर बारीक पट्ट्या लावलेल्या. एकावर एक दहा ओळी, दर ओळीत दहा. ती एकेक पट्टी म्हणजे एकेका घराची तार. तुम्ही घरी ४ लावला की तारेतून विजेचे चार धक्के जातात. दर धक्क्याला दांडी एक पायरी वर चढते. खट्, खट्, खट्, खट्. मग ७ लावला की सात धक्के जातात, आणि दांडी आता वर न जाता बाजूला फिरते, सात घरे. पात्याचा हात सत्तेचाळिसाव्या पट्टीवर टेकतो. तिकडे घंटी वाजते. बोलणे संपवून टेलिफोन ठेवला की दांडी आपोआप मूळ जागी येऊन पडते. शून्यासाठी काय, असे आमच्या नातवाने विचारले. शून्याला दहा धक्के.

शंभराहून जास्त घरे असली तर? तर एका चाळीच्या दारातून दुसऱ्या चाळीत जायचे. पहिल्या आकड्याने पेठ ठरते, दुसऱ्याने गल्ली ठरते आणि शेवटच्या दोन आकड्यांनी घर. अशी कितीही मोठी वस्ती बांधता येते. यातच त्या युक्तीचा मोठेपणा आहे. शंभर घरांना पुरणारी वस्तू लाख घरांनाही पुरली.

१८८९ साली स्ट्रोजरने पेटंटसाठी अर्ज केला. १८९१ साली, मार्च महिन्याच्या १० तारखेला, त्याला ते मिळाले. त्याच्या पुतण्याने त्याला मदत केली. जवळ पैसा असलेल्या काही माणसांना त्यांनी आपल्या बाजूला वळवले आणि कंपनी काढली. पण यंत्र लावून बघायला गाव कोण देणार? शेवटी इंडियाना राज्यात ला पोर्ट नावाचे गाव मिळाले. तिथे आधी दुसऱ्या एका कंपनीचे टेलिफोन होते. ते पेटंटच्या खटल्यात बंद पडले होते. गाव टेलिफोनवाचून बसले होते, म्हणून नव्या यंत्राला हो म्हणाले. १८९२ सालच्या नोव्हेंबरच्या ३ तारखेला तिथे जगातले पहिले आपोआप चालणारे सार्वजनिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. घरे होती फक्त पंचाहत्तरच्या आसपास. मध्ये बाई नाही की कोणी नाही.

ते यंत्र पहिल्याच दिवसापासून झकास चालले, असे मात्र समजू नका. घरच्या टेलिफोनला तेव्हा गोल चकती नव्हती. बटणे होती. ४७ हवा तर दहांचे बटण चार वेळा दाबायचे आणि एकांचे सात वेळा. मोजताना चुकले की भलत्याच घरी! आमची खात्री आहे की लोक वैतागले असतील. आणि घराघरात एकाऐवजी पुष्कळ तारा न्याव्या लागत, तो खर्च वेगळाच. मग कंपनीतल्या कारागिरांनी १८९६ साली बोटाने फिरवायची आकड्यांची चकती काढली. बोट घालून फिरवा आणि सोडा. परत येताना चकती स्वतःच धक्के मोजते. मोजण्याचे काम माणसाच्या डोक्यावरून उतरले. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी ती चकती पाहिली असेल. पोस्टात काळा टेलिफोन असे, त्यावर.

ही यंत्रे आपल्या देशातही आली. १९१३-१४ साली सिमल्याला पहिले आपोआप चालणारे एक्स्चेंज बसले. स्वातंत्र्य आल्यावर १९४८ साली बंगळूरला सरकारी टेलिफोन कारखाना निघाला, तिथे स्ट्रोजरच्याच धर्तीची यंत्रे होऊ लागली. पुढे कित्येक वर्षे ती आपल्या शहरांत खटखटत होती. आम्ही एकदा शाळेची मुले घेऊन असे एक्स्चेंज पाहायला गेलो होतो. आत पाऊल टाकले आणि वाटले, पत्र्यावर पाऊस पडतो आहे. हजारो दांड्या चढत होत्या, उतरत होत्या. प्रत्येक खट् म्हणजे कोणीतरी कोणालातरी शोधत होते. आता ती यंत्रे गेली. त्यांच्या जागी आवाज न करणारी यंत्रे आली. खेड्यांसाठी तर आपल्याच इंजिनियरांनी लहान एक्स्चेंज तयार केले. धूळ असो, ऊन असो, खोली गार करणारे यंत्र नसले तरी चालेल, असे. त्यांतले पहिले १९८६ साली कित्तूरला बसले, बेळगावहून धारवाडला जाताना लागते ते राणी चन्नम्माचे कित्तूर. आपल्याकडचे ऊन आणि धूळ परदेशी यंत्राला सोसत नाही, ही अडचण धरूनच ते केलेले होते. पण तो विषय निराळा आहे, पुन्हा कधी तरी सांगू.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती लपवली तर आम्ही खोटे ठरू. स्ट्रोजरच्या टेलिफोनबद्दल आणखी एक हकिकत सांगतात. ती अशी की कंपनीचा माणूस तपासायला आला तेव्हा त्याला आढळले, दुकानाबाहेर टांगलेली पत्र्याची पाटी वाऱ्याने हलते, तारेला लागते आणि टेलिफोन बंद पडतो! म्हणजे त्या बाईचा दोष होता की पाटीचा होता? की दोन्ही होते? देव जाणे. आम्ही काही न्यायाधीश नाही. पण त्या बाईवर आम्ही सगळा दोष घालणार नाही. तिची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही.

हे आम्ही अशासाठी म्हणतो की आमच्या हातून तसे घडले आहे. आम्ही तेव्हा नवे मास्तर होतो. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात. घरी वडील आजारी पडले. भावाने तालुक्याला जाऊन आम्हांला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉल म्हणजे लांबच्या गावचा टेलिफोन. तो आधी नोंदवावा लागे आणि मग वाट पाहत बसावे लागे. भावाने सकाळी नोंदवला तो रात्रीपर्यंत लागला नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. त्या एक्स्चेंजच्या माणसाला आम्ही मनातल्या मनात अकरा वर्षे शिव्या दिल्या. तो झोपला असेल, पत्ते खेळत असेल, पैसे चारले असते तर लावला असता. अकरा वर्षांनी कळले, त्या दिवशी वादळात घाटातले खांब पडले होते. तो माणूस दिवसभर प्रयत्न करीत होता. अकरा वर्षे! आणि त्या रागातून आम्ही केले काय? काही नाही. नुसता सांभाळला.

स्ट्रोजरचा राग खरा असो की चुकीचा, त्याच्यातून एक वस्तू तरी निघाली.

लोहारदादांना ही गोष्ट सांगत होतो तेव्हा शेजारच्या मावशी दळण घेऊन तिथेच थांबल्या होत्या. त्यांनी विचारले, "गुरुजी, मग त्या बाईचं पुढं काय झालं? तिची नोकरी गेली असंल की." प्रश्न बरोबर आहे. एका दिवसात नाही गेली. कित्येक वर्षे बायाच खुंट्या घालत होत्या. पण पुढे जसजशी यंत्रे वाढली तसतशी हजारो बायांची कामे गेली. त्यांतल्या बहुतेकींनी कोणाचे काही वाईट केले नव्हते. यावर आम्हांला मावशींना चांगले उत्तर देता आले नाही.

दादांनी वेगळेच विचारले. "त्याला पैसा किती मिळाला?" आम्ही सांगितले ते ऐकून दादा हसले, पण कडू हसले. स्ट्रोजरने १८९६ साली आपली पेटंटे १८०० डॉलरना विकली. दोन वर्षांनी कंपनीतला आपला वाटा १०,००० डॉलरना विकला. १९०२ साली तो फ्लॉरिडात वारला. आणि १९१६ साली त्याच पेटंटांसाठी बेलच्या मोठ्या कंपनीने २५ लाख डॉलर मोजले. दादा म्हणाले, "म्हणजे तिथंबी अन्यायच." आम्ही म्हणालो, "होय, तिथंही."

मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. मावशींनीच तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "दादा, रागावू नका. तुमचं खुरपं मोडत न्हाई. पातं लई चांगलं. पण मूठ ढिली होती. दोन महिन्यांत खुळखुळती. मग बाई म्हणती, मेलं मोडलं."

दादांनी मान वर केली. म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

मावशी म्हणाल्या, "तुम्ही कुणाला इचारलं?"

त्यांनी घरातले एक जुने खुरपे मागवून घेतले. मूठ हलवून पाहिली. खरेच ढिली होती. मग दादाच आम्हांला समजावून सांगू लागले. आता आम्ही विद्यार्थी झालो! पात्याचे शेपूट लाकडात ठोकलेले असते. मूठ करताना बाभळीचे लाकूड पुरते वाळलेले नसले तर ते पुढे उन्हात वाळते, आक्रसते, आणि भोक सैल होते. पावसात भिजते, फुगते, पुन्हा वाळते. असे चार वेळा झाले की मूठ गेली. दादा म्हणाले, घाईत ओल्या लाकडाच्या मुठी बसवल्या हे खरे. शेपूटही आखूड ठेवले, लोखंड वाचावे म्हणून. कारखान्याच्या खुरप्याची मूठही ढिली होते, मावशींनी सांगितले. पण ते चकचकीत असते म्हणून बाई दुकानदाराला बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी भाता पेटला. दादांनी आठ खुरपी केली आहेत. शेपूट लांब ठेवले आहे. ते मुठीतून आरपार नेऊन मागच्या बाजूला वाकवून ठोकले आहे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे घातले आहे, म्हणजे लाकूड चिरायला नको. लाकूड दोन वर्षे माळ्यावर पडलेले, वाळलेले. आणि दर पात्यावर एक लहान छाप मारला आहे, तुमच्या पाटीवर काढतात तसा 'ल'. आता कोणी मोडके खुरपे टांगले तर छाप बघता येईल.

ती आठ खुरपी त्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवली आहेत. दादा आज आले आहेत, मागे बसले आहेत, त्यांच्याकडे एकदम वळून बघू नका. पैसे आज कोणी द्यायचे नाहीत. आठ बायांनी एकेक न्यायचे. निंदणी चालूच आहे, पंधरा दिवस वापरायचे, आणि काय खुपते, हाताला फोड कुठे येतो, पाते जड आहे की हलके, ते दादांना तोंडावर सांगायचे. भीड धरायची नाही. आपल्यात डावखुऱ्या दोघी आहेत, त्यांनी अवश्य एकेक न्यावे, कारण दादा म्हणतात डावखुऱ्या हाताचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

वही इथे टेबलावर आहे. कोणी काय नेले ते तिच्यात लिहायचे. नाव मात्र जिचे तिने स्वतःच्या हाताने लिहायचे. अंगठा चालणार नाही.